चौघडी नोट

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कधी फळ्याला खडू लावला नव्हता. एकतीस वर्षं ते एकाच रेस्टॉरंटमध्ये वेटर होते, आणि त्यातली शेवटची बारा वर्षं हेड वेटर. नवीन लागलेला माणूस पहिले पंधरा दिवस मास्तरांच्या सावलीसारखा हिंडे. तीन ताटल्या एका हातावर कशा तोलायच्या, पेल्याला कुठे धरायचं म्हणजे बोटाचा ठसा उमटत नाही, दोन माणसं भांडत असतील तर पाणी कधी घालायचं, हे सगळं ते शिकवत. पण त्यांचा खरा तास म्हणजे टीपचा.

"टीप मागायची नाही, हे तर कोणीही सांगेल," ते म्हणत. "मी सांगतो, ती बघायचीसुद्धा नाही. सुट्टे आणताना बारीक नोटा आणायच्या, म्हणजे ज्याला ठेवायचं आहे त्याची पंचाईत होत नाही. बिलाचं फोल्डर टेबलावर ठेवलं की पाठ फिरवायची. कमी ठेवलं म्हणून तोंड वाकडं करायचं नाही, जास्त ठेवलं म्हणून दात काढायचे नाहीत. आणि गिऱ्हाईक दाराबाहेर गेलं की त्याच्या मागे जायचं नाही."

"काही विसरून गेलं तर?" नवा माणूस हटकून विचारी.

"दारात उभं राहून हाक मारायची. ऐकू गेली तर गेली. नाहीतर वस्तू काउंटरवर जमा. उंबरठा ओलांडायचा नाही."

बारच्या मागे उभा राहणारा एक फसफसत्या स्वभावाचा माणूस होता. त्याला सगळे सोडा म्हणत. तो तिथूनच ओरडे, "मास्तरांचे पाय घरून बांधून पाठवतात, म्हणून!"

लोक हसत. मास्तरही हसत. त्या नियमामागची गोष्ट मात्र त्यांनी तिथे कोणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक गिऱ्हाईक छत्री विसरून गेलं. मास्तर ती घेऊन धावत सुटले आणि कोपऱ्यावर त्याला गाठलं. मागून धापा टाकत आलेला वेटर पाहून त्या गृहस्थाने छत्रीकडे पाहिलंच नाही. "एवढ्याने पोट भरलं नाही का रे?" असं चारचौघांत म्हणून त्याने एक नाणं फुटपाथवर टाकलं. मास्तरांनी छत्री दिली, आणि नाणंही उचललं. का उचललं, ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. पण त्या दिवसापासून दाराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांचे कान गरम होत.

मिळालेली टीप कोणी खिशात घालत नसे. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला फट पाडलेली होती. प्रत्येकाने आपल्या टेबलावरचं त्यात टाकायचं. सोमवारी सकाळी दहाला, दार उघडण्याआधी, सगळ्यांच्या समोर डबा उघडायचा आणि वाटे करायचे. आचारी, सोडा, भांडी घासणारी मावशी, वेटर, सगळ्यांना एकेक वाटा. मास्तरांना दोन. डब्याची किल्ली मास्तरांकडे असे, आणि त्यावर कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आता घड्याळजींविषयी. हे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि त्या कामात डोळे घालवले. मोतीबिंदू काढून झाले होते, थेंब चालू होते, पण समोरचा माणूस त्यांना धुक्यात उभा असल्यासारखा दिसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दर बुधवारी पाऊण वाजता ते काठी टेकत येत, खिडकीजवळच्या टेबलावर बसत आणि सूप, पाव, तळलेला मासा आणि शेवटी कॉफी घेत. रेस्टॉरंटमधलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच एकदा दुरुस्त करून दिलं होतं. आल्या आल्या ते मान वर करून विचारत, "काय मास्तर, आमचं लेकरू बरोबर चाललंय ना?"

"तुम्ही आलात की त्यात पाऊण वाजतो, काका," मास्तर म्हणत.

नोटा त्यांना दिसत नसत. म्हणून त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईने एक युक्ती काढली होती. दर मंगळवारी ती त्यांच्या पाकिटातल्या नोटा लावून देई. मोठी नोट मधोमध एकदाच दुमडायची आणि लहान नोटेची चौघडी करायची. घड्याळजी अंगठा फिरवत आणि हवी ती नोट काढत. बिलाला मोठी. आणि उठताना एक चौघडी नोट कॉफीच्या बशीखाली. ती मास्तरांची. ही युक्ती त्यांनी स्वतःच मास्तरांना मोठ्या कौतुकाने सांगितली होती. "बाई हुशार आहे हो माझी. डोळे गेले त्याचं मला काही वाटत नाही, ती आहे तोवर."

त्या वर्षी रेस्टॉरंटसमोरचा रस्ता पाइप टाकायला खणला. तीन आठवडे लोक फळीवरून तोल सावरत यायचे, म्हणजे येतच नसत. डबा हलवला की आत चिल्लर वाजे. लागोपाठ दोन सोमवार वाटे करताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आणि मास्तरांना उगाच वाटू लागलं, की खिडकीकडची चांगली टेबलं आपली, आणि डब्यात मात्र आपलंच कमी पडतंय, असं लोक मनात म्हणत असतील.

तिसऱ्या आठवड्यातला तो बुधवार. घड्याळजी फळीवरून आले, जेवले, कॉफी प्यायले. उठताना त्यांनी नेहमीप्रमाणे बशीखाली नोट सरकवली. "येतो, मास्तर."

"या, काका. फळी सांभाळा."

दार बंद झालं. मास्तरांनी बशी उचलली. खाली चौघडी नोट होती. कोपरा जरा वेगळ्या रंगाचा दिसला म्हणून त्यांनी ती उलगडली. मोठी नोट होती. तिच्यात घड्याळजींची पाच बुधवारांची जेवणं झाली असती.

मास्तरांना कळायला क्षणसुद्धा लागला नाही. मोठी नोट चौघडी नसते. नोट चुकीची दुमडली गेली होती, आणि म्हणून चुकीच्या जागी आली होती. हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळू शकत होतं.

खिडकीतून समोरचा बसस्टॉप दिसत होता. घड्याळजी तिथे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मधे फक्त फळी आणि वीस पावलं. मास्तर बशी हातात धरून काचेजवळ उभे राहिले. गिऱ्हाइकाच्या मागे जायचं नाही, हा नियम होता. म्हाताऱ्याचा आज वाढदिवस असेल. खूश असतील. आपण परत करायला गेलो तर त्यांचा अपमान होईल. शिवाय ती आपल्या खिशात थोडीच जातेय, डब्यातच पडणार. एकामागून एक कारणं येत होती आणि ती सगळी अंगावरच्या गणवेशासारखी चपखल बसत होती. मधेच त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि त्यांनी ती पटकन काढून घेतली.

बस अकरा मिनिटांनी आली. घड्याळजी चाचपडत चढले. बस गेली.

डब्याची फट अरुंद होती. नोट आत घालायला मास्तरांना ती पुन्हा चौघडी करावी लागली.

सोमवारी डबा उघडला तेव्हा सोडा टाळी वाजवून म्हणाला, "अरे वा! कोणाचा सासरा मेला आणि कोणाला इस्टेट मिळाली? कुठल्या टेबलावरची ही?"

"टेबल विचारायचं नसतं," मास्तर म्हणाले. हाही त्यांचाच जुना नियम होता. आचाऱ्याने नोट उजेडात धरून पाहिली. भांडी घासणारी मावशी म्हणाली, देणाऱ्याचं भलं होवो. मास्तरांनी आपले दोन वाटे घेतले. त्यांच्या बुटांचे तळवे वर्षभरापासून झिजलेले होते आणि संध्याकाळी टाचा ठणकत. घरी जाताना त्यांनी मऊ तळव्यांचे नवे बूट घेतले.

त्या बुधवारी घड्याळजी आले नाहीत. पुढच्या बुधवारीही नाही. मास्तरांनी दोन्ही वेळा खिडकीजवळचं टेबल पावणेदोनपर्यंत अडवून ठेवलं. बूट खोक्यातच होते.

तिसऱ्या बुधवारी ते आले. एक वाजून गेला होता. रस्ता बुजवून झाला होता, तरी ते फळी असल्यासारखे पाय चाचपत आले. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली होती, त्यामुळे कॉलर एका बाजूला वर आली होती.

"आज फक्त सूप द्या, मास्तर."

"का हो काका? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! जरा जपून खर्च करतोय." ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. "बाईला काढली मी."

मास्तरांनी उचललेलं मेनूकार्ड पुन्हा खाली ठेवलं.

"तीन आठवडे होत आले. गुरुवारी किराणावाल्याला मोठी नोट दिली. तो म्हणतो, काका, ही लहान आहे. मी अंगठा फिरवून पाहिला, एकच घडी. म्हणजे काय, मोठी काढून घेतली आणि लहान नोट मोठीसारखी दुमडून ठेवून दिली. आंधळ्याला फसवायला एवढं पुष्कळ झालं. माझ्या नोटांना दुसऱ्या कोणाचा हात लागतो, सांगा?"

"ती काय म्हणाली?" मास्तरांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"म्हणाली, नीट आठवून बघा. मी म्हटलं, चोरीही करतेस आणि वर आठवायला मला सांगतेस? तशी तिने घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. एक शब्द बोलली नाही. निर्दोष माणूस गप्प बसला असता का? सहा वर्षं होती हो, मास्तर." मग जरा थांबून ते म्हणाले, "सूप आणताय ना?"

मास्तरांनी सूप आणलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकापुढे सूप चमच्याशिवाय ठेवलं. घड्याळजी बराच वेळ टेबलावर हात फिरवत चमचा शोधत राहिले, आणि स्वतःचंच काही चुकत असेल अशा समजुतीने बोलले नाहीत.

घरी बायको वाटाणे सोलत बसली होती. "बूट आणून पंधरवडा उलटला," ती म्हणाली. "खोक्यात अंडी घालणार आहेत का ते?"

मास्तर तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. छत्रीची गोष्ट तिला माहीत होती. ती फक्त तिलाच माहीत होती. सांगताना ते दोनदा "नियम असा आहे की" असं म्हणाले. दुसऱ्यांदा तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"नियम तुमचा, नोट त्यांची आणि नोकरी गेली तिची," ती म्हणाली. "छान वाटणी झाली."

"मला काय ठाऊक होतं असं होईल?"

"हे नव्हतं ठाऊक. पण नोट चुकून आलीय, हे तर ठाऊक होतं ना?"

मास्तरांनी समोरची एक शेंग उचलली आणि न सोलता परत ठेवली.

"मग आता?"

"पुढच्या बुधवारी आले की सांगतो."

"बुधवारी! म्हणजे तुमच्या गणवेशात, तुमच्या टेबलापाशी, मधेच कोणी हाक मारली की निसटायला मोकळे." तिने शेंग पुन्हा उचलली. "त्या बाईला आठवडाभर आणखी चोर राहू दे. तिला काय, सवय झाली असेल."

दुसऱ्या दिवशी गुरुवारी मास्तरांनी एकतीस वर्षांत तिसरी रजा टाकली. घड्याळजी त्यांच्या जुन्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहत. खाली आता फोन दुरुस्तीवाला भाडेकरू होता. जिना चढताना मास्तरांचे कान तापले होते. त्या छत्रीनंतर गिऱ्हाइकाच्या मागे ते प्रथमच गेले होते, तेही तीन आठवड्यांनी.

दार उघडंच होतं. भिंतीवर सात घड्याळं होती, आणि सातही बंद. एकात चार वाजले होते, एकात साडेअकरा. चावी द्यायचं काम बाईचं होतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"कोण?"

"मी. मास्तर."

घड्याळजी खुर्चीतून अर्धवट उठले. धुक्यात त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण चेहरा खुलला. "मास्तर! इथे? म्हणजे मी काही विसरलो वाटतं तुमच्याकडे?"

मास्तर आयुष्यभर लोकांशी मोजून मापून बोलले होते. तसे शब्द त्यांनी आता शोधले, पण सापडले नाहीत. "विसरलात, काका," ते म्हणाले. "नोट विसरलात. ती बाईने घेतली नाही. तुम्ही माझ्या बशीखाली ठेवलीत. मोठी नोट, चौघडी केलेली."

घड्याळजी खाली बसले. त्यांचा अंगठा रिकाम्या तर्जनीवर घासू लागला, नोट चाचपावी तसा.

"मंगळवारी संध्याकाळी," शेवटी ते म्हणाले, "खालच्याने भाड्याचे राहिलेले पैसे आणून दिले होते. बाई गेली होती घरी. तो म्हणाला, ही मोठी, ही लहान. मी म्हटलं, तेवढं मलाही जमतं. मीच दुमडल्या." त्यांनी डोळे मिटले. "दोन नोटा. दोन्ही उलट. आणि मी तिला म्हटलं..."

मास्तरांनी खिशातून एक मोठी नोट काढली. ती त्यांनी घरून निघतानाच मधोमध एकदा दुमडून आणली होती. ती त्यांनी घड्याळजींच्या हातात ठेवली. घड्याळजींनी अंगठा फिरवला.

"मास्तर, तुम्हाला कधी कळलं? काल, मी सांगितलं तेव्हा?"

इथे सुटायला दार होतं. हो म्हटलं असतं तर कोणी तपासायला आलं नसतं, आणि म्हातारा माणूस उलट म्हणाला असता, किती प्रामाणिक आहात. मास्तरांना ते दार स्वच्छ दिसत होतं.

"नाही. तेव्हाच कळलं. तुम्ही स्टॉपवर उभे होतात. मी काचेतून बघत होतो. बस अकरा मिनिटांनी आली."

"अकरा मिनिटं," घड्याळजी म्हणाले. ज्याचं आयुष्य मिनिटं जुळवण्यात गेलं होतं तो माणूस ते दोन शब्द जपून उच्चारत होता. "बराच वेळ असतो तो."

मग ते उठले आणि काठी शोधू लागले. "चला. ती कुठे काम करते ते खालच्याला माहीत आहे. मला हाताला धरा, मला जिना उतरवत नाही."

ती दोन गल्ल्या सोडून एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करत होती. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत बाई. समोर पांढऱ्या चादरींचा ढीग. दोन म्हातारे पुरुष दारात एकमेकांना धरून उभे राहिलेले पाहून तिने एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा चादर ओढली.

"बोला," ती म्हणाली. "माझी इस्त्री थंड होते."

"बाई, चूक झाली माझी," घड्याळजी म्हणाले.

"कोणती? नोट दुमडायची, का मला बोललात ती?"

मास्तर पुढे झाले. "बाई, खरी चूक माझी आहे. मी त्या रेस्टॉरंटमधला..."

"मास्तर. ओळखते मी तुम्हाला. दर बुधवारी घरी आले की यांचं तेच. मास्तर असे, मास्तर तसे." इस्त्री चादरीवरून सरळ पुढे गेली. "तुमची ती चौघडी नोट मीच वेगळी करून वरच्या कप्प्यात ठेवायचे. मंगळवारी. काका विसरू नयेत म्हणून. सहा वर्षं."

मास्तरांनी मग तिलाही सगळं सांगितलं. छत्री, बशी, काच, बस, डबा. तिने मधे दोन उशांचे अभ्रे उरकले. शेवटी इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून वाटून घेतली."

"हो."

"मागे गेलात तर भिकारी दिसाल, म्हणून गेला नाहीत."

"हो."

"आणि मी चोर दिसले." तिचा आवाज चढला नव्हता. "बघा, तुम्ही दोन ताटल्या आणून ठेवता, तर लोक तुमच्यासाठी बशीखाली काहीतरी ठेवून जातात. मी सहा वर्षं यांच्या डोळ्यांत थेंब घातले, घड्याळांना चाव्या दिल्या, नोटा लावल्या. मला कोणी बशीखाली काही ठेवलं नाही. मी मागितलंही नाही. नोट हरवली तेव्हा मात्र पहिली आठवण माझी झाली."

घड्याळजींनी हातातली मोठी नोट पुढे केली. "ही घे. तू... परत ये."

तिने नोटेकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. "ही मी घेतली तर तुम्ही बोललात तेच खरं होईल, काका. ठेवा ती. आणि परत यायचं म्हणाल तर नाही. इथेही पगार मिळतो. इथे कोणी मला पैशांना हात लावायला देत नाही. फार बरं आहे ते."

दोघे वळले. ते रस्त्यावर उतरत होते तेव्हा तिने मागून हाक मारली, "काका!"

घड्याळजी इतक्या झटकन वळले की काठी सुटायची वेळ आली.

"बटणं चुकलीत. एक घर सोडून लावलीत."

ती इस्त्रीच्या टेबलामागून हलली नाही. घड्याळजी छातीवर चाचपू लागले. मास्तरांनी हात पुढे केला, पण म्हाताऱ्याने तो बाजूला सारला. तिथेच, रस्त्याच्या कडेला, त्यांनी एकेक बटण स्वतः काढून पुन्हा लावलं. त्याला वेळ लागला. मास्तर ते बघत उभे राहिले, काचेमागून बघत होते तसेच, फक्त मधे काच नव्हती.

सोमवारी डबा उघडण्याआधी मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ती नोट कोणाची होती ते सांगितलं. त्यांनी ती आपल्या पैशांतून परत केली होती, कोणाकडून काही मागायचं नव्हतं, हेही सांगितलं. आचारी खाली बघत राहिला. मावशी म्हणाली, "अगंबाई, आणि मी देणाऱ्याचं भलं चिंतलं." सोडाने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "किल्ली घ्या हो, मास्तर. दुसरं कोण आहे इथे? पण नियमाचं काय ते सांगा. मागे जायचं का नाही जायचं?"

मास्तरांनी किल्ली उचलली नाही. ती त्या दिवसापासून आचाऱ्याकडे गेली. नियमाचं उत्तर त्यांना तेव्हाही देता आलं नाही आणि पुढेही नाही. नव्या माणसांना ते अजून सगळं शिकवत. बारीक नोटा आणा, पाठ फिरवा, तोंड वाकडं करू नका, दात काढू नका. मग शेवटच्या वाक्यापाशी आले की थांबत आणि पेले पुसायला घेत. एकदा एक बाई हातमोजा विसरून गेली. मास्तर तो घेऊन दारापर्यंत धावले, आणि उंबरठ्यावर त्यांचे पाय खिळले. हाक मारली. ऐकू गेली नाही. मग डोळे मिटून त्यांनी एक पाऊल बाहेर टाकलं, दुसरं टाकलं, आणि तोवर बाई कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली होती.

बायकोच्या आग्रहाने नवे बूट त्यांनी घातले. "बुटांनी काय पाप केलंय?" ती म्हणाली. बूट फार चांगले निघाले. दिवसभर उभं राहूनही टाचा दुखेनात. ते चावले असते तर मास्तरांना जरा बरं वाटलं असतं.

दोन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी, एक वाजायला पाच मिनिटं असताना, घड्याळजी आले. मास्तरांनी खुर्ची ओढली. घड्याळजींनी घड्याळाची चौकशी केली नाही. सूप, पाव, मासा, कॉफी, सगळं नेहमीसारखं मागवलं. चमचा मास्तरांनी आधी ठेवला. जेवण होईपर्यंत दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

कॉफी संपल्यावर घड्याळजींनी पाकीट काढलं आणि आतल्या सगळ्या नोटा टेबलावर ओतल्या. चुरगळलेल्या, उघड्या, कशाही.

"जरा लावून द्या, मास्तर," ते म्हणाले. "घरी आता कोणी नाही."

मास्तर टेबलाशी वाकून उभे राहिले. त्यांनी मोठ्या नोटा वेगळ्या केल्या, प्रत्येक मधोमध एकदा दुमडली आणि नखाने घडी पक्की केली. मग लहान नोटा, एकेक करून, चौघड्या. सोडा बारमागून बघत होता.

"मोठी एक बिलाला घ्या," घड्याळजी म्हणाले. "आणि एक चौघडी तुमची."

"काका, ती नको."

"का? जेवण वाढलंत ना?"

मास्तरांनी एक चौघडी नोट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. पूर्वी घड्याळजी प्रत्येक नोटेवर अंगठा फिरवत, आणि खात्री झाल्यावरच ती बशीखाली सरकवत. आज त्यांनी अंगठा फिरवला नाही. हातात आली तशी नोट बशीखाली ठेवली, उरलेल्या न चाचपता पाकिटात घातल्या, आणि काठीसाठी हात पुढे केला.

"येतो, मास्तर."

मास्तरांनी काठी हातात दिली. त्यांना "या, काका" म्हणायचं होतं. दार बंद झाल्यावर बराच वेळ ते त्या बशीजवळ उभे राहिले. खालच्या नोटेची घडी त्यांनी स्वतःच घातलेली होती, तरी ती उलगडून पाहायचा त्यांना धीर झाला नाही.